मेलानोमावर प्रायोगिक इम्युनोथेरपी: गोव्यातल्या रुग्णाने काय करावं, कोणत्या क्रमाने

मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार. प्रायोगिक इम्युनोथेरपीची चौकशी करताना घोळ होतो तो बहुतेक वेळा क्रमाचा. आधी हाताला लागेल तो उपचार सुरू होतो, मग कुणीतरी ट्रायलचं नाव सुचवतं. धावतपळत मुंबई गाठल्यावर कळतं, की मधल्या काळात घेतलेल्या स्टेरॉइडमुळे किंवा काढून टाकलेल्या गाठीमुळे रुग्ण त्या ट्रायलमध्ये बसतच नाही. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. कोणतं औषध घ्यायचं हे तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) ठरवतील. त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, ते इथे आहे.

१. निदान पक्कं करा आणि ब्लॉक ताब्यात घ्या

आपल्याकडे मेलानोमा अनेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या तळपायावरचा काळा डाग म्हणजे रुतलेला काटा किंवा कुरूप असं समजून महिनोनमहिने मलम लावलं जातं. या प्रकाराला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. तो उन्हामुळे होणाऱ्या मेलानोमापेक्षा वेगळा वागतो आणि इम्युनोथेरपीला सहसा कमी प्रतिसाद देतो. म्हणून 'मेलानोमा' एवढा एक शब्द लिहिलेला रिपोर्ट पुरत नाही.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये पुढच्या गोष्टी असायला हव्यात: प्रकार (त्वचेचा, अ‍ॅक्रल, श्लेष्मल त्वचेचा की डोळ्याचा), ब्रेस्लो जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली आहे) मिलिमीटरमध्ये, वर व्रण आहे की नाही, कडा मोकळ्या आहेत का, आणि लसिकाग्रंथी तपासल्या असतील तर त्यांचा निकाल. आजार पसरलेला असेल तर बीआरएएफ, सी-किट आणि एनआरएएस या जनुकीय चाचण्यांचं विचारा. डोळ्याच्या मेलानोमात एचएलए (प्रतिकारशक्ती पेशी ओळखते त्या खुणांचा प्रकार) चाचणी लागते, कारण टेबेंटाफस्प हे औषध एचएलए-ए*०२:०१ असलेल्यांनाच चालतं.

यानंतर पॅराफिन ब्लॉक. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार कॅसेटवर मेणाचा चौकोन असतो, त्यात तुमच्या गाठीचा तुकडा रुतवलेला असतो आणि कडेला पॅथॉलॉजी क्रमांक असतो. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) असो की खाजगी लॅब, लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, आणि किती नग मिळाले त्याची पोच ठेवा. कॅसेटवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच काउंटरवर जुळवून बघा. अंकात फरक निघाला आणि तो मुंबईत लक्षात आला, तर पूर्ण फेरी वाया जाते.

इशारा: ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं मेण मऊ पडतं.

इशारा: एका ब्लॉकमधून एकामागून एक चाचण्या करत गेलं तर टिश्यू संपतो. ट्रायलवाल्यांना बहुधा तो लागतोच. गोव्यात कोणतीही नवी चाचणी सांगितली तर 'ब्लॉकमध्ये किती उरेल?' हे आधी विचारा.

नवीन बायोप्सी होणार असेल तर तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. नुसत्या सलाइनमध्ये तासन्‌तास राहिलेला तुकडा पुढच्या चाचण्यांना उपयोगी पडत नाही. आणि एखादी गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढायची ठरत असेल तर तारीख घेण्याआधी ट्रायलचा विषय काढा. टीआयएल नावाच्या उपचाराला (गाठीतल्याच लढाऊ पेशी वाढवून परत देतात, पुढे चौथ्या टप्प्यात बघा) ताजी गाठ लागते. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या गाठीतून जिवंत पेशी परत मिळत नाहीत.

२. मान्यताप्राप्त उपचार आधी समजून घ्या

'प्रायोगिक' म्हणजे जास्त ताकदीचं, असा समज फार पसरलाय. जे औषध चालतं की नाही हे अजून सिद्ध व्हायचंय, ते प्रायोगिक. मेलानोमात सिद्ध झालेली इम्युनोथेरपी आज उपलब्ध आहे. पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर ३ आठवड्यांनी किंवा ४०० मिलिग्रॅम दर ६ आठवड्यांनी. निव्होलुमॅब २४० मिलिग्रॅम दर २ आठवड्यांनी किंवा ४८० मिलिग्रॅम दर ४ आठवड्यांनी. काही रुग्णांना निव्होलुमॅबबरोबर इपिलिमुमॅबचे ४ डोस. चेकमेट-०६७ या ट्रायलमध्ये पसरलेला मेलानोमा असलेल्या आणि ही जोडी घेतलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के १० वर्षांनंतर हयात होते. हा आकडा मात्र तळपायाच्या मेलानोमाला जसाच्या तसा लावू नका. त्या ट्रायलमधले बहुतेक रुग्ण वेगळ्या प्रकारच्या मेलानोमाचे होते.

इथेही क्रमाला किंमत आहे. बीआरएएफ बदल असलेल्या रुग्णांना आधी त्या बदलावरच मारा करणाऱ्या गोळ्या द्याव्यात की आधी इम्युनोथेरपी, हे ड्रीमसेक ट्रायलने तपासलं. औषधं तीच होती, फक्त पुढेमागे केली होती. इम्युनोथेरपीने सुरुवात केलेल्या गटात २ वर्षांनी ७१.८ टक्के रुग्ण हयात होते, गोळ्यांनी सुरुवात केलेल्या गटात ५१.५ टक्के.

आणखी एक गोंधळ कमी डोसचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर इस्पितळात दर ३ आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबचा अभ्यास झाला, तो डोक्या-मानेच्या कॅन्सरवर. खर्च परवडत नाही म्हणून मेलानोमातही तोच डोस कुणी सुचवला तर त्यामागचा पुरावा तितका भक्कम नाही हे समजून घ्या आणि डॉक्टरांशी उघडपणे बोला.

तपासून घ्या: डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. माझ्यासाठी मान्यताप्राप्त उपचार कोणता उरलाय? तो आधी घेतला तर ट्रायलचा रस्ता बंद होतो का? आणि ट्रायल आधी केली तर हा उपचार नंतर मिळेल का?

३. फाइल एकदाच, नीट

म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, गोमेकॉ, एखादं खाजगी इस्पितळ असे चार ठिकाणचे कागद असतात. तारखेप्रमाणे लावा. अगदी वर एका पानावर हे लिहा: निदानाची तारीख, प्रत्येक शस्त्रक्रिया, प्रत्येक औषधाचं नाव, डोस, पहिला आणि शेवटचा दिवस, का थांबवलं. 'शेवटचा दिवस' हा रकाना हमखास रिकामा राहतो आणि पात्रता ठरवताना पहिल्यांदा तोच विचारतात.

पेट-सीटी आणि मेंदूच्या एमआरआयचा छापील रिपोर्ट पुरत नाही. डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून गाठ मोजता येत नाही. रक्ताच्या तपासणीत एलडीएच (आजाराच्या जोराचा अंदाज देणारं एन्झाइम) असू द्या.

४. ट्रायल शोधणं, आणि खरी की खोटी ते ओळखणं

भारतात चालणाऱ्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. क्रमांक सीटीआरआय, वर्ष, महिना आणि मग सहा अंक असा असतो. परदेशी नोंदवहीतला क्रमांक एनसीटी आणि आठ अंक असा. शोधताना 'मेलानोमा' इंग्रजीत टाका. त्यानंतर 'सॉलिड ट्युमर' टाकूनही बघा, कारण सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच ट्रायल अनेक कॅन्सरसाठी मिळून असतात आणि शीर्षकात मेलानोमाचं नाव येत नाही.

पान उघडल्यावर खालील क्रमाने वाचा. शीर्षक सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालेल.

• भारतातली भरती चालू आहे का? जगात चालू आणि भारतात बंद, असंही असतं.
• केंद्रं कुठे आहेत? गोव्यातून परळ किंवा खारघर (टाटा मेमोरियलची दोन केंद्रं) जमतं, दर आठवड्याला दिल्ली जमेलच असं नाही.
• एथिक्स कमिटीची मंजुरी त्या विशिष्ट केंद्रासाठी मिळाली आहे का?
• नव्या औषधाची ट्रायल असेल तर औषध महानियंत्रकांची मंजुरी नोंदली आहे का?
• टप्पा कोणता? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि डोस तपासतात. तिसऱ्यात नवा उपचार चालू उपचाराशी ताडून बघतात.

इशारा: नुसता सीटीआरआय क्रमांक म्हणजे सरकारची शिफारस नाही, ती फक्त नोंद असते. वरच्या दोन्ही मंजुऱ्या बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोगप्रतिकारक पेशींची लस किंवा 'इम्युन सेल थेरपी' देतो म्हणून लाखो रुपये मागणारे, यशाची खात्री देणारे, एका पानाच्या कागदावर सही घेणारे दवाखाने टाळा. कंपनीच्या ट्रायलमध्ये ज्या औषधाची चाचणी चालली आहे ते रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही.

काय काय समोर येऊ शकतं? एमआरएनए लस रुग्णाच्याच गाठीतल्या बदलांवरून बनवतात आणि पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर देतात. गाठीत टोचायचा विषाणू असतो, त्यातला टी-व्हेक अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाला. आणि टीआयएल, ज्यातला लिफिल्युसेल हा उपचार तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला. टीआयएल सगळ्यात जड. गाठ काढायची, त्यातल्या लढाऊ पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, मग सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडाराबिन या किमोच्या औषधांनी शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट पेशी खाली आणायच्या, पेशी परत द्यायच्या आणि वर त्यांना बळ देणारं इंटरल्युकिन-२. हृदय आणि फुप्फुसं धडधाकट असल्याशिवाय हे झेपत नाही. पेशी वाढेपर्यंतच्या आठवड्यांत आजार थांबत नाही, म्हणून 'मधल्या काळात काय देणार?' हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

५. पात्रता: मधल्या काळात काय करू नये

प्रत्येक ट्रायलच्या अटी वेगळ्या, पण काही गोष्टींवर रुग्ण वारंवार अडकतात.

स्टेरॉइड पहिलं. रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपेक्षा जास्त चालू असेल तर बहुतेक इम्युनोथेरपी ट्रायल घेत नाहीत. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, पुरळासाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत किंवा इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड आहे का ते विचारा. चालू असलेलं मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

दुसरं, मागच्या औषधाचं अंतर. आधीच्या कॅन्सरच्या औषधापासून बहुधा ३ ते ४ आठवडे जावे लागतात. मध्येच 'तोवर एखादी किमो देऊ' म्हणून दिलेला एक डोस पुन्हा तेवढेच आठवडे घालवतो.

तिसरं, मोजता येणारी गाठ. सीटीवर किमान १० मिलिमीटरची गाठ, किंवा आखूड बाजूने मोजून १५ मिलिमीटरची लसिकाग्रंथी लागते. मोजण्याजोगी एकच गाठ असेल आणि तिच्यावरच बायोप्सी किंवा रेडिएशन झालं, तर मोजायला काही उरत नाही.

मेंदूत उपचार न झालेली गाठ, चालू असलेला ऑटोइम्युन (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा) आजार, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, सक्रिय क्षयरोग हे सगळं तपासलं जातं. जुना टीबी लपवू नका. तो आधी सांगितला तर मार्ग निघू शकतो. इम्युनोथेरपी चालू असताना उफाळला तर सावरणं कठीण जातं.

आणि गुळवेल. 'प्रतिकारशक्तीचाच उपचार आहे, मग काढा चालेलच' असं घरोघरी ऐकू येतं. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदवली, आणि ती सूज ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखी दिसत होती. इम्युनोथेरपीमुळेही नेमकी तशीच सूज येते. दोन्ही एकत्र घेतलं तर दोष कशाचा हे कळत नाही आणि चांगलं चाललेलं औषध बंद होऊ शकतं. काढे, भस्मं, 'इम्युनिटी' पावडरी यांची यादी ट्रायलच्या डॉक्टरांना द्या आणि ते सांगेपर्यंत घेऊ नका.

६. संमतीपत्र: घरी आणा, मग सही करा

रुग्ण-माहितीपत्रक लांबलचक असतं. पहिल्याच भेटीत सही करू नका, एक दोन दिवस मागा. तुम्हाला समजेल त्या भाषेत ते मिळणं हा हक्क आहे. मुंबईच्या केंद्रांत मराठी प्रत सहसा असते. रुग्णाला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवताना ट्रायलशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार लागतो. सही झाल्यावर माहितीपत्रक आणि भरलेलं संमतीपत्र, दोन्हींची प्रत मागून घ्या.

वाचताना या जागा शोधा:

• चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणार आहेत का, आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार? कॅन्सरमध्ये प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) बहुधा चालू उपचाराच्या जोडीला असतो. एमआरएनए लसीच्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅब मिळतं.
• किती वेळा बायोप्सी? त्यातली कोणती सक्तीची?
• दुष्परिणामाचा खर्च कोण करणार? २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार आणि, इजा ट्रायलमुळे असल्यास, भरपाई मिळते. 'जवळच्या इस्पितळात स्वखर्चाने' असं काही लिहिलेलं दिसलं तर एथिक्स कमिटीला विचारा. त्यांचा फोन नंबर त्याच पत्रकात असतो.
• ट्रायल संपल्यावर औषध लागू पडत असेल तर पुढे मिळणार का?
• गर्भधारणा टाळण्याचा काळ किती? तो शेवटच्या डोसनंतरही काही महिने चालतो आणि पुरुषांनाही लागू असू शकतो.

कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार अडत नाही.

७. पैसा आणि प्रवास

ट्रायलचं औषध फुकट असलं तरी प्रवास, राहणं आणि सोबतच्याचा बुडालेला रोज हा खर्च असतोच. प्रवासभत्ता मिळतो का ते संमतीपत्रात बघा. नसेल तर सही करण्याआधी विचारा, नंतर तो मंजूर करून घेणं अवघड असतं.

मान्यताप्राप्त उपचारासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना हे दोन वेगळे मार्ग आहेत. मेडिक्लेम गोमेकॉत न मिळणाऱ्या उपचारासाठी आहे, म्हणून गोमेकॉची शिफारस, मामलतदारांकडचे दाखले आणि मंजुरी हे सगळं उपचाराआधी हवं. बिल भरून मग अर्ज, असं करू नका. खाजगी विम्यात अँटिबॉडी इंजेक्शनची इम्युनोथेरपी आधुनिक उपचारांच्या यादीत येते, पण मर्यादा किती ते पॉलिसीत बघा. असिद्ध उपचार वगळलेले असतात.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडेसवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. इस्पितळाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्या. रात्रीची कोकणकन्या घेतली तर परळसाठी दादर, खारघरसाठी पनवेल सोयीचं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, दरड कोसळली तर रखडतात. जून ते ऑक्टोबरमध्ये डोसच्या एक दिवस आधी पोहोचा. ट्रायलमध्ये भेटीची तारीख मागेपुढे करायला अगदी थोडे दिवस मिळतात.

८. दुष्परिणाम: मुंबईत डोस, त्रास मात्र गोव्यात

सगळ्यात जास्त जीव इथे अडकतो. डोस घेऊन रुग्ण काणकोणला किंवा सत्तरीला घरी येतो आणि तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागतात. पावसाळा आहे, पाणी बाधलं असेल, म्हणून लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) घेतलं जातं. प्रत्यक्षात आतड्यावर स्वतःच्याच पेशींनी हल्ला केलेला असतो, आणि अशा वेळी स्टेरॉइडला झालेला उशीर आतडं फुटण्यापर्यंत नेऊ शकतो. ताप आणि कावीळ दिसली की गोव्यात आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आठवतो. तोही तपासावा, पण यकृताची इम्युन सूज त्याच दिवशी डोक्यात असावी.

त्याच दिवशी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा, जर:

• नेहमीपेक्षा दिवसाला ४ किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, किंवा शौचात रक्त दिसलं
• नवा कोरडा खोकला आला किंवा दम लागू लागला
• लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले
• खूप तहान, वारंवार लघवी, वजनात झपाट्याने घट
• न थांबणारी डोकेदुखी, कमालीचा थकवा, उभं राहिल्यावर चक्कर
• अंगभर पुरळ, फोड, तोंडात जखमा

छातीत दुखणं, पापण्या खाली ओघळणं, दम लागून बोलता न येणं, ग्लानी यांपैकी काही झालं तर फोनची वाट न बघता १०८ बोलवा. पाकिटात एक कार्ड ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, ट्रायल क्रमांक, २४ तासांचा फोन, आणि ठळक अक्षरांत 'ही किमोथेरपी नाही, इम्युनोथेरपी आहे'. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आणि जवळच्या इस्पितळात ही माहिती पहिल्या डोसआधी देऊन ठेवा. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता ती समजावून सांगत बसायला नको.

हे त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही येऊ शकतात. कार्ड लगेच फेकू नका.

इशारा: उपचारासाठी दिलेलं स्टेरॉइड साधारण ४ ते ६ आठवड्यांत हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी बंद केलं की त्रास उलटून येतो.

गोव्यात भरती व्हावं लागलं तर ट्रायलच्या टीमला तत्काळ कळवा. गंभीर घटना २४ तासांत त्यांना वर कळवावी लागते. डिस्चार्ज पेपर आणि रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवा, भरपाईचा प्रश्न आला तर तेच पुरावा असतात.

९. पहिला स्कॅन आणि बाहेर पडताना

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ थोडी मोठी दिसली तर काही मोजक्या रुग्णांत ती पेशींच्या गर्दीने फुगलेली असते. रुग्णाची तब्येत चांगली असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा बघतात. पण हे अपवादाने होतं. वजन उतरतंय, वेदना वाढताहेत, एलडीएच चढतंय आणि तरीही कुणी 'फुगलीय फक्त' म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

ट्रायल संपली किंवा सोडली, तर त्याच भेटीत हे मागा: घेतलेल्या डोसची लेखी यादी, सगळ्या स्कॅनच्या सीडी, उरलेला ब्लॉक, आणि कोणता गट होता ते कधी कळेल याचं उत्तर. वेदना आणि झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटायला ट्रायल संपायची वाट बघायची गरज नाही, दोन्ही एकत्र चालतं. पुढची अपॉइंटमेंट गोव्यातल्या ऑन्कॉलॉजिस्टकडे मुंबई सोडण्याआधीच घ्या, म्हणजे औषधाशिवायचे आठवडे कुणाच्याच देखरेखीविना जात नाहीत.